ईमान पक्कं, तरी घसा कोरडा

अस्सलामु अलैकुम आपा,

मी 24 वर्षांची. गाव चिपळूणजवळ, खाडीकाठी. बी.कॉम. झाले आणि दीड वर्षापूर्वी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात लागले. काम येतं, बोलता येत नाही. दर सोमवारी अकराला मीटिंग असते. मागच्या महिन्यात माझ्या लक्षात आलं होतं की एका पुरवठादाराची बिलं जीएसटी पोर्टलवर आलेलीच नाहीत आणि आपण त्यांचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) धरून चाललो आहोत. मीटिंगमध्ये सरांनी तोच आकडा वाचला. चुकीचा आहे हे मला माहीत होतं. तोंड उघडलं, घसा कोरडा पडला, गप्प बसले. चार दिवसांनी तेच एका सहकाऱ्याने सांगितलं आणि त्याची वाहवा झाली.

विभागात मी एकटीच स्कार्फवाली. माझं मराठी कोकणी वळणाचं, इंग्रजीचं तर विचारूच नका. मी चुकले तर 'यांच्यात असंच' म्हणतील, ही धास्ती असते. मामू म्हणतात, ईमान पक्कं असेल तर माणसांची भीती वाटतेच कशी? मैत्रिणीने एक वजीफा, म्हणजे जपाची दुआ, पाठवला, रोज 313 वेळा वाचायचा. चाळीस दिवस वाचला. भीती तशीच. म्हणजे माझं ईमानच कच्चं का? त्यात अम्मीचं म्हणणं, मी-मी करू नये, अल्लाहला तकब्बुर (गर्व) आवडत नाही. आणि महिनाअखेरीला वरच्या जागेसाठी ऑफिसातच मुलाखत आहे. तिथे तर मी-मीच करायचं असतं. काय करू?

तुमची,
स.

*

प्रिय स.,

व अलैकुम अस्सलाम. आधी मामूंच्या प्रश्नाकडे वळते, कारण तुझ्या घशापेक्षा तोच जास्त रुतून बसलेला दिसतोय.

कुरआनमधला सूरह ताहा हा अध्याय काढ. सिपारे तू लहानपणी वाचले असशीलच, पण अर्थ वाचलास की नाही ठाऊक नाही. आपल्याकडे तो बहुतेकांचा राहून जातो, माझाही तिशीपर्यंत राहिला होता. त्यात पैगंबर हजरत मूसा (अ.) आहेत. मिसरच्या (इजिप्तच्या) राजाच्या, फिरऔनच्या वाड्यात वाढलेला माणूस, हातून एक खून घडल्यावर मिसर सोडून मदयनला पळालेला, तिथे कित्येक वर्षं मेंढ्या राखलेला. आणि एका रात्री त्याला हुकूम होतो, फिरऔनकडे जा. ज्या दरबारातून जीव घेऊन पळालो, त्याच दरबारात परत जा आणि बोल. यावर मूसांचे पहिले शब्द काय आहेत? 'मी तयार आहे' असे नाहीत. ते म्हणतात, रब्बिश्रह ली सद्री. माझ्या रब, माझी छाती मोकळी कर, माझं काम सोपं कर, माझ्या जिभेची गाठ सोड, म्हणजे माझं बोलणं लोकांना कळेल.

छाती दडपणं आणि जीभ अडखळणं. तुझ्या पत्रातली दोन्ही दुखणी तिथे आहेत, आणि ती एका पैगंबराची आहेत.

बरं, दुआ कबूल झाली. त्याच सूरहमध्ये लगेच सांगितलंय की मूसा, तू मागितलंस ते तुला दिलं. मग भीती संपली असेल? नाही. पुढे मूसा आणि त्यांचे भाऊ हारून दोघंही म्हणतात, आम्हाला भीती वाटते, तो आमच्यावर तुटून पडेल. त्यावर उत्तर येतं, भिऊ नका, मी तुमच्यासोबत आहे, ऐकतो आहे, पाहतो आहे. या उत्तराकडे जरा नीट बघ. 'तुम्ही फार थोर आहात, तुम्हाला सगळं जमेल' असं त्यात एक अक्षर नाही. आजकाल स्टेजवर माईक लावून जो आत्मविश्वास वाटतात, त्याचा इथे मागमूस नाही. मी सोबत आहे, एवढंच.

यानंतरही, जादूगार आपल्या दोऱ्या आणि काठ्या टाकतात आणि त्या सापांसारख्या सरपटताना दिसतात, तेव्हा मूसांच्या मनात पुन्हा भीती दाटली असं कुरआनच सांगतं. ज्याने अल्लाहशी प्रत्यक्ष संवाद केला, ज्याची दुआ मंजूर झाल्याचं त्याला तोंडावर सांगितलं गेलं, त्याला ऐन मैदानात भीती वाटली. तेव्हा मामूंना माझा सलाम सांग आणि ताहामधली सदुसष्टावी आयत त्यांच्यासमोर ठेव. भांडायला नको, मोठे आहेत. नुसती ठेव.

आणि कोकणी वळणाचं म्हणतेस तर आणखी एक. दुआ कबूल झालेल्या या मूसांनाच फिरऔन भर दरबारात हिणवतो, हा हलका माणूस, याला धड बोलताही येत नाही. सूरह जुख्रुफमध्ये आहे. म्हणजे हसणारा हसायचा राहिला नाही. मूसा बोलायचे थांबले नाहीत, एवढाच काय तो फरक पडला.

आता वजीफा. 313 हा आकडा बद्रच्या लढाईत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासोबत असलेल्या साथीदारांच्या संख्येवरून लोकांच्या जिभेवर बसलेला आहे, आणि जिक्र करण्याला मी कशाला नाही म्हणू? चाळीस दिवस रोज बसून अल्लाहचं नाव घेतलंस, ते वाया गेलं असं मला मुळीच वाटत नाही. पण त्याकडे तू मोबाइलच्या रिचार्जसारखं पाहिलंस. इतके भरले की इतकी वैधता. आणि टॉवर दिसेना म्हणून सिम कार्डालाच दोष द्यायला लागलीस. दुआ म्हणजे मागणं. मागणाऱ्याचा हात रोज पसरलेला असतो. खुद्द प्रेषित (स.) जी दुआ वारंवार करत, ती बुखारी यांच्या हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या, संग्रहात आहे: चिंता आणि दुःख, दुबळेपणा आणि आळस, कंजूषपणा आणि भित्रेपणा, कर्जाचा बोजा आणि माणसांचा दबाव यांपासून मी तुझा आसरा मागतो. भित्रेपणाला त्यात 'जुब्न' हा शब्द आहे. आणि 'माणसांचा दबाव' हे तर सोमवार सकाळचं अकराचं वर्णन झालं. ज्याला भीती ठाऊकच नाही तो तिच्यापासून आसरा कशाला मागेल?

प्रेषितांना अल्लाहकडून वही (संदेश) येणं काही काळ थांबलं तेव्हा मक्केतले विरोधक म्हणू लागले, याच्या रबने याला सोडून दिलं. त्यानंतर सूरह दुहा उतरली: तुझ्या रबने तुला सोडलेलं नाही, तो तुझ्यावर नाराजही नाही. चाळीस दिवसांच्या शांततेचा अर्थ 'माझं ईमान कच्चं' असा तू लावलास. तो अर्थ तुझा आहे, वरून आलेला नाही.

एवढं झालं की अम्मीचा प्रश्न उरतो, आणि तो खरा अवघड आहे. कारण अम्मीचं चुकलेलं नाही. तकब्बुर वाईटच. ज्याच्या मनात राईएवढा तकब्बुर असेल तो जन्नतमध्ये जाणार नाही, असं हदीसमध्ये आलंय. ते ऐकून तिथल्याच एकाने विचारलं, माणसाला आपले कपडे चांगले असावेत, जोडे चांगले असावेत असं वाटतं, त्याचं काय? प्रेषितांनी सांगितलं, अल्लाह सुंदर आहे, त्याला सौंदर्य आवडतं. तकब्बुर म्हणजे सत्य नाकारणं आणि लोकांना तुच्छ लेखणं. व्याख्या संपली. यात मान वर करून बोलणं कुठे आहे? स्वतःचं काम सांगणं कुठे आहे? आपल्या घराघरांत मात्र, मुलींच्या बाबतीत विशेषकरून, आवाज काढणं हाच तकब्बुर ठरवून टाकला गेला. त्याला दीनचा आधार कमी आणि शेजारणी काय म्हणतील याचा जास्त.

इथे माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. मी शाळेत मराठी शिकवायचे. घरी आम्ही दखनी बोलायचो, आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका पालकांनी मला नीट न्याहाळून विचारलं होतं, 'मराठी तुम्ही शिकवणार?' तो प्रश्न मी वर्षभर पाठीवर घेऊन फिरले. एकदा आठवीच्या वर्गात फळ्यावर 'आशिर्वाद' लिहिलं, शि ऱ्हस्व. शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, 'बाई, शी दीर्घ पाहिजे.' मी तिला म्हटलं, 'खाली बस.' एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. पण वर्ग गार पडला. ती मुलगी बरोबर होती, आणि मला ते त्याच क्षणी कळलं होतं.

आतून मी थरथरत होते: मुसलमान बाईला मराठी लिहिता येत नाही असं ही मुलं घरी जाऊन सांगतील. बाहेरून मात्र मी गर्विष्ठ बाई दिसत होते. नुसती दिसत नव्हते, त्या हदीसच्या मापाने होतेच. सत्य नाकारलं आणि एका पोरीला तुच्छ लेखलं, दोन्ही अटी पुऱ्या. अम्मीला सांग, तकब्बुर मी-मी म्हणणाऱ्यांतच असतो असं नाही. माझ्यासारख्या घाबरटांकडेही तो राहायला येतो, आणि तो तिथे आहे हे कुणाला कळतही नाही. मी तीन दिवसांनी फळ्यावर 'आशीर्वाद' लिहून त्या मुलीला म्हटलं, तुझं बरोबर होतं. तीन दिवस लागले मला. दोन अक्षरांना.

त्यानंतर कधीतरी मी जुल-यदैन यांचा किस्सा नव्याने वाचला. लहानपणी ऐकला होता, पण तो नमाजचा मसला म्हणून. जुल-यदैन म्हणजे हातवाले. त्यांचे हात लांब होते म्हणून हे नाव पडलेलं. मदीनेत एकदा प्रेषितांनी चार रकातींच्या (फेऱ्यांच्या) नमाजमध्ये दोनच रकातींवर सलाम फेरला, म्हणजे नमाज संपवली, आणि उठून मस्जिदीतल्या एका लाकडाला टेकून उभे राहिले. चेहऱ्यावर नाराजी असल्यासारखं वाटत होतं. घाईतले लोक बाहेर पडू लागले, आपापसांत म्हणत की नमाज आता कमी केली गेली वाटतं. जमातीत प्रेषितांचे जवळचे साथीदार अबू बक्र होते, उमर होते. आणि हदीस सांगते की त्या दोघांनाही बोलायचा धीर झाला नाही.

उमर यांना! ज्यांच्या नुसत्या नावाने भलेभले वचकायचे. सोमवारच्या मीटिंगमध्ये चुकीचा आकडा ऐकून गप्प बसणाऱ्यांत तू कुणाच्या पंगतीत आहेस, बघ.

बोलले ते जुल-यदैन. आणि कसं बोलले तेही पाहा. या रसूलल्लाह, आपण विसरलात की नमाज कमी केली गेली? चूक दाखवली, पण दार उघडं ठेवलं. कदाचित मलाच ठाऊक नसलेलं काही असेल. प्रेषित म्हणाले, मी विसरलो नाही, कमीही झालेली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, विसरलात. मग प्रेषितांनी बाकीच्यांना विचारलं, हे म्हणतात ते खरं का? लोक म्हणाले, हो. उरलेल्या दोन रकाती पढल्या गेल्या, शेवटी दोन सजदे झाले, आणि विषय मिटला. कुणाची मान खाली गेली नाही. अशाच एका प्रसंगी ते म्हणाले होते, मीही माणूस आहे, तुम्ही विसरता तसा मीही विसरतो, तेव्हा विसरलो तर मला आठवण द्या.

तू दिवसातून पाच वेळा जी नमाज पढतेस तिच्यात चुकीची सोय आधीच करून ठेवली आहे. रकात विसरली, सजदा-ए-सहव (विसरल्याबद्दलचे दोन सजदे) करायचा, नमाज पुरी. इमाम चुकला तर मागच्याने 'सुब्हानअल्लाह' म्हणायचं. बाईने टाळी वाजवायची. म्हणजे मागच्या रांगेतल्या बाईने चूक लक्षात आणून द्यायची, हे त्यात धरलेलं आहे! आपण मात्र हे नियम पाठ करतो आणि ऑफिसच्या दारात चपलांसारखे काढून ठेवतो.

मुलाखतीकडे येऊ. मिसरच्याच दरबारात आणखी एक पैगंबर उभे राहिले होते, हजरत यूसुफ (अ.). नुकते तुरुंगातून सुटलेले, परदेशी, भावांनी विहिरीत टाकलेले, बाजारात विकले गेलेले. आणि ते राजाला म्हणतात, मला या मुलखाच्या कोठारांवर नेमा, मी नीट सांभाळणारा आणि जाणणारा आहे. हफीजुन अलीम. सूरह यूसुफ, पंचावन्नावी आयत. दुष्काळ येणार होता, धान्याचा हिशेब ठेवणारा माणूस हवा होता, आणि हे काम मला येतं असं त्यांनी सरळ सांगितलं. म्हणजे बघ, जागासुद्धा अकाउंट्सचीच होती.

यूसुफ काय बोलले नाहीत तेही लक्षात घे. त्यांच्या रूपाची कीर्ती शहरभर होती, त्याचा उल्लेख नाही. खानदानाचा नाही, बाप, आजा, पणजा सगळे पैगंबर, तरी नाही. त्या कामाला लागणारे दोन गुण सांगितले आणि थांबले. एका दरबारात यूसुफ आपल्याला काय येतं ते सांगतात. त्याच देशातल्या दरबारात जायच्या आधी मूसा आपल्याला काय येत नाही ते सांगतात, आणि सोबत भाऊ मागून घेतात, त्याची जीभ माझ्यापेक्षा मोकळी आहे म्हणून. दोघांनीही खरं तेच सांगितलं. मला विचारशील तर ईमानवाल्याचा आत्मविश्वास एवढाच असतो. येतं ते येतं म्हणायचं, येत नाही ते नाही म्हणायचं, आणि दोन्ही म्हणताना समोरच्याच्या भुवईकडे बघत बसायचं नाही, कारण आपलं वजन त्याच्या तराजूत होत नाही.

तेव्हा मुलाखतीत मी-मी करू नकोस. तुझं काम सांग. दीड वर्षं खरेदीची बिलं पोर्टलच्या टूबी पत्रकाशी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीशी) जुळवतेस ना? मग दर महिन्याला साधारण किती बिलं, कुठले पुरवठादार उशीर करतात, तू पाठपुरावा करून किती क्रेडिट सोडवून आणलंस, हे आकडे काढ. तुझ्याच फायलींत सापडतील. आणि इंग्रजीचं विचारलं तर म्हण, इंग्रजीत अहवाल लिहायला मला वेळ लागतो, सध्या शिकते आहे. हे म्हणून टाकलंस की तुला लपवायचं काही उरत नाही, आणि घसा बहुतेक वेळा कोरडा पडतो तो लपवण्यानेच.

आकडे काढताना मन मध्येच म्हणेल, यात काय विशेष. तेव्हा प्रेषितांच्या पत्नी हजरत खदीजा (रजि.) यांची आठवण ठेव. पहिली वही आली तेव्हा हिराच्या गुहेतून प्रेषित थरथरत घरी आले, मला पांघरूण घाला म्हणाले, मला माझ्या जिवाची भीती वाटते म्हणाले. खदीजांनी नुसतं 'काही होणार नाही' म्हणून वेळ मारून नेली नाही. अल्लाह तुम्हाला कधीच खाली पाहायला लावणार नाही म्हणाल्या, आणि का ते सांगितलं: तुम्ही नाती जपता, दुबळ्यांचं ओझं उचलता, नाडलेल्याला मिळवून देता, पाहुण्यांचा पाहुणचार करता, संकटात लोकांच्या कामी येता. धीर दिला तो पुराव्यानिशी. मोठी व्यापारी बाई होती ती. माणसाची जमा बाजू तिला वाचता येत होती. तुझ्या ओळखीत अशी एक बाई असेलच. नसली तर तूच वहीत लिही. ईशाच्या, रात्रीच्या नमाजनंतर पाच मिनिटं, आज काय निभावलं ते. लोक मुहासबा (स्वतःचा हिशेब) करतात तो फक्त गुन्ह्यांचा, जणू खात्याला एकच बाजू असते. तू अकाउंट्सवाली, तुला तरी हे खटकायला हवं.

त्या सहकाऱ्याबद्दल मनात खुन्नस धरू नकोस. त्याला ते त्याच्या त्याला सापडलं असू शकतं. आणि 'मला आधीच माहीत होतं' हे वाक्य आता कुणाला सांगू नकोस, त्याने काही मिळत नाही. पुढच्या वेळी चूक दिसली की मीटिंगची वाट पाहायचीच नाही. आदल्या दिवशी सरांना चार ओळींचा मेल, सोबत फाईल. मग मीटिंगमध्ये तुला नवीन काही सांगायचं नसतं, 'सर, काल पाठवलेला मेल त्याबद्दलच होता' एवढंच म्हणायचं असतं. उंट बांधून मग तवक्कुल (अल्लाहवर भरवसा) करण्याची हदीस तू शंभरदा ऐकली असशील. तुझा उंट म्हणजे ती एक्सेलची फाईल.

आणि एक हारून शोध. मीटिंगमध्ये शेजारी बसणारं एखादं माणूस, स्कार्फवालं असायची गरज नाही, कुठल्याही घरातलं चालेल. तिला आधी सांगून ठेव की आज मला एक मुद्दा मांडायचाय, मी अडले तर 'तू मघाशी काहीतरी म्हणत होतीस' म्हणून मला परत आत घे. मदत मागणं हा दुबळेपणा असता तर मूसांची मागणी नामंजूर झाली असती.

आवाजाचं म्हणशील तर तुझ्याकडे ज्या शिक्षणाचा साठा आहे तो तुझ्या सहकाऱ्यांपैकी कितीजणांकडे असेल? लहानपणी मदरशात तुला तजवीद शिकवली असेल. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठलं अक्षर घशातून, कुठलं ओठांतून. चारचौघांसमोर सबक सुनावला असशील, चुकल्यावर छडीही खाल्ली असशील. तोच घसा आहे हा. फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर अर्धं पान तिलावत (कुरआनपठण) मोठ्याने कर, कुजबुजत नाही, आणि लगेच, पाणी पिण्याआधी, सोमवारचा मुद्दा त्याच आवाजात मराठीत दोन वाक्यांत म्हण. मग इंग्रजीत. वळण कोकणी राहिलं तर राहू दे. ऐकणाऱ्याला आकडा कळला की काम झालं. 'म्हणजे माझं बोलणं लोकांना कळेल' एवढंच मूसांनीही मागितलं होतं, फर्डं बोलता यावं असं नाही. मीटिंगमध्ये पाण्याची बाटली जवळ ठेव आणि बोलायच्या आधी तीन श्वासांत, थांबत थांबत पाणी पी. सुन्नतही होते आणि घसाही ओला होतो.

पहिल्या दहा मिनिटांत बोल, काहीही. वेळ विचार, पान क्रमांक विचार. जितकं लांबवशील तितकी जीभ जड होते. आणि दर सोमवारी एकदाच. अल्लाहला सर्वांत आवडणारं काम ते, जे थोडं असलं तरी नेमाने होतं. हे वजीफ्याला लागू आहे तसंच याला.

राहिला स्कार्फ. 'यांच्यात असंच' म्हणणारी माणसं असतात. ती नाहीतच असं सांगून मी तुझी समजूत काढणार नाही, मला तो पालक अजून दिसतो. पण सगळ्या कौमची अब्रू आपल्या एका आकड्यावर उभी आहे असं समजून जगणं हे तुझ्यावर कुणी फर्ज केलेलं नाही. कुणीही ओझं वाहणारा दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही, हे वाक्य कुरआनमध्ये एकदा नाही, कित्येकदा आलंय. आपण ते गुन्ह्यांबद्दल वाचतो. पण दुसऱ्यांच्या पूर्वग्रहाचं ओझंही दुसऱ्यांचंच असतं. तुझी चूक ती तुझी, एका अकाउंटंटची. उद्या कुणी उघड टोमणा मारला किंवा स्कार्फवरून काम अडवलं तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेव आणि एचआरकडे लेखी दे. तिथे सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे. खौला बिन्ते सालबा नावाची एक बाई नवऱ्याने केलेल्या अन्यायाची तक्रार घेऊन थेट प्रेषितांशी वाद घालायला गेली होती, आणि सूरह मुजादलाची सुरुवातच अशी आहे की अल्लाहने तिचं म्हणणं ऐकलं. पण प्रत्येक हसण्यात टोमणा शोधत बसू नकोस. काही लोक नुसतेच हसतात.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रात नाही, म्हणून विचारते. रविवारी रात्री झोप उडते का? छातीत धडधड, हातापायांना घाम, नोकरीच सोडावीशी वाटणं, असं काही महिने सलग चाललंय का? तसं असेल तर हा माझ्या सदराचा विषय राहत नाही, डॉक्टरांचा होतो. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर आहे, मोफत आहे आणि चोवीस तास चालते. सुरुवात तिथून कर. अल्लाहने इलाज नसलेला आजार उतरवलेला नाही, ही हदीस आपण सर्दीतापाला लावतो आणि मनाच्या दुखण्याला मात्र ताबीज शोधतो.

मुलाखतीचा निकाल काही लागो. यूसुफांना तुरुंगातून सुटतानाही वेळ लागला होता. ज्या साथीदाराला 'मालकाकडे माझी आठवण काढ' म्हणून सांगितलं, तो विसरूनच गेला, आणि ते आणखी काही वर्षं आत राहिले. या खेपेला झालं नाही तर दीड वर्षाचे ते आकडे फायलीत तसेच राहतील, पुढच्या वेळी कामाला येतील.

अम्मीला हे पत्र वाचून दाखव, आशिर्वादाची गोष्ट गाळू नकोस. आणि रविवारी रात्री तुझी ती दोन वाक्यं मला लिहून पाठव, मराठीतली. इंग्रजीतली सोमवारी संध्याकाळी, बोलून झाल्यावर.

तुझी,
आपा